कागदावर कोरड्या झालेल्या विहिरीची बादली

मी एक जुनी पितळी बादली आहे आणि मित्रांनो, मला भीती वाटते.

बादलीला कसली भीती, म्हणून हसू नका. कुपवाडच्या पुढं मगदूम मळा नावाची तेरा घरांची वस्ती आहे. तिथल्या सातव्या घरामागं विहीर आहे. विहिरीच्या कठड्याजवळ भिंतीत एक लाकडी खुंटी आहे आणि त्या खुंटीला मी टांगलेली आहे. इथून रस्त्यापलीकडं उभं असलेलं पिवळं मशीन मला चोवीस तास दिसतं. त्याचा एकेक दात माझ्याएवढा आहे. असे पाच दात. ते नुसतं सुरू झालं तरी विहिरीतलं पाणी थरथरतं. मग खुंटी हलते आणि मी भिंतीवर टणटण आपटते. लोकांना वाटतं वारा सुटलाय.

माझा जन्म मिरजेत एका तांबटाच्या दुकानात झाला. पत्र्याला ठोकून ठोकून त्यानं माझं पोट गोल केलं. तेव्हा मी चारचौघींसारखी बादली होते. मला वेगळं केलं ते आमच्या शेजारच्या बादशहाच्या बापानं. मगदूम मळ्यातलं चौथं घर त्यांचं. भांड्यांना कल्हई करायची, फुटक्याला डाग द्यायचा, हा त्यांचा धंदा. पायगोंडा मगदूम तेव्हा पंचविशीतला होता, नुकतं लग्न झालेलं. तो मला घेऊन त्यांच्या भट्टीवर गेला आणि म्हणाला, हिच्या बुडाला बाहेरून एक कडी डाग.

मित्रांनो, सगळ्या बादल्यांना वर कडी असते. मला खालीही आहे. ती का, ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

मगदूम जैन आहेत. विहिरीचं पाणी ते जाड फडक्याच्या दुहेरी घडीतून गाळून पितात. गाळल्यावर फडक्यावर जे राहतं त्याला जिवाणी म्हणतात. डोळ्याला न दिसणारे बारीक जीव असतात त्यात. ते मोरीत ओतायचे नाहीत, झाडाला घालायचे नाहीत. ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात परत सोडायचे. तेही वरून फेकायचे नाहीत, मरतात. म्हणून मला दोन दोर. जाड दोर वरच्या कडीला, बारीक दोर बुडाच्या कडीला. जिवाणी माझ्या पोटात घालून जाड दोरानं मला पाण्यापर्यंत सोडायचं. मी पाण्याला टेकले की जाड दोर सैल करायचा आणि बारीक ओढायचा. मी हळूच कलंडते आणि पोटातलं सगळं पाण्यावर निजवते. टिपूस उडत नाही.

हे ऐकून बादशहाचा बाप हसला होता. म्हणाला, "मानसं हिरीतनं पानी आनत्यात, तुमी परत न्हेऊन घालताय व्हय रं?"

"तुला काय करायचंय गड्या? कडी डाग की."

"डागतो. कडी निसटली तर फुकाट डागून दीन. जीव मेलं तर माझ्याकडं येऊ नगो."

कडी निसटली नाही. पन्नास वर्षं झाली.

सातव्या घरात, म्हणजे मगदुमांकडं, मला पहिला हात लावला तो गुणमालाआक्कांनी. पायगोंडाअण्णांची बायको. रोज सकाळी आंघोळ झाली की आक्का विहिरीवर यायच्या, पाणी ओढायच्या, गाळायच्या, मला खाली सोडायच्या. चांदबी म्हणजे बादशहाची बायको. ती सून होऊन आली तेव्हा माझ्याकडं बघत बसायची. म्हणायची, "आक्का, तुमची बादली लय शहाणी हाय. पाया पडल्यागत वाकती." एका वर्षी आजूबाजूची सगळी बोअरं आटली. तेरा घरांनी ह्याच विहिरीवर उन्हाळा काढला. त्या उन्हाळ्यात दिवसाला दीडदोनशे खेपा मारल्या मी. अंगावर पोचे पडले, पण लोक नाव घ्यायचे. आयुष्यात तेवढंच कौतुक.

मग नळ आला. वापरायला नळाचं पाणी. पोरगा गोमटेश कुपवाडात एका कारखान्यात लागला, त्यानं न्हाणीघर बांधलं, गच्चीवर टाकी बसवली. मी काळी पडले. चिंच लावून घासायचं कुणाला सुचेना. सुनेनं मला एकदा भंगारात काढलं होतं, आक्कांनी परत आणलं. पिण्याचा एक हंडा मात्र आक्का अजून विहिरीचाच भरतात आणि जिवाणी सोडायला मीच लागते. गोमटेश म्हणाला होता, विहिरीला मोटार बसवू. आक्का म्हणाल्या, "मोटारीच्या पंख्यात जीव चिरडत्यात. माझ्या मागं काय ते बसव." म्हणून ह्या विहिरीवर मोटार नाही, पाइप नाही, वायर नाही. रहाट आहे, दोर आहे आणि मी.

आता भीतीचं सांगते.

गेल्या दिवाळीनंतर डोक्यावर एक यंत्र घरघरत गेलं. चार पंख्यांचं. कोंबड्या खुराड्यात पळाल्या. चार दिवसांनी माणसं आली आणि प्रत्येक घराच्या भिंतीवर तांबड्या रंगानं आकडे टाकून गेली. कुणी विचारलं नाही, घालू का म्हणून. सातचा आकडा माझ्या खुंटीच्या शेजारीच आहे. रंग ओघळलेला. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं कुणाला तरी लागलं.

मग नोटीस आली. सार्वजनिक प्रयोजनासाठी जागा घेणार. प्रयोजन काय, तर व्यापारी संकुल. दुकानं, गोदामं, हॉटेल आणि गाड्या लावायला मैदान. अण्णांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि बादशहाला विचारलं, "सार्वजनिक म्हंजे कोण रं? त्यात आपुन न्हाई व्हय?"

बादशहा वेल्डिंगचं काम करतो. तो म्हणाला, "आण्णा, आपुन हाय की. गाड्या लावायच्या जागंत."

हसले दोघं. पण हसताना अण्णा भिंतीला टेकले होते, ते मी बघितलं.

नोटिशीत एक ओळ होती. ज्या घरात माणसं राहतात त्यांना हरकत घेता येईल, सुनावणी होईल आणि निकाल लागेपर्यंत घराला हात लावणार नाहीत. पण जी शेडं, गोठे पडीक आहेत त्यांना हरकत नाही, सुनावणी नाही. नोंद झाल्यापासून आठ दिवसांत ती पाडणार. म्हणजे सगळं एकाच गोष्टीवर होतं. तुमचं घर कागदावर घर आहे की नाही.

ती नोंद करायला पंचनाम्याची माणसं आली तो दिवस चौदसीचा होता. पंचनामा म्हणजे जे आहे ते बघून लिहायचं. निदान नाव तरी तसं आहे.

चौदसीला अण्णा एकाशन करतात. दिवसातून एकदाच ताटावर बसायचं, तेही दिवस मावळायच्या आत. त्यात एक कडक नियम आहे. एकदा बसून उठलं की संपलं. मधेच कुणी हाक मारली आणि उठावं लागलं तर त्या दिवसाचं जेवण तिथंच बंद, पाणीसुद्धा. सकाळी अकराला शिपाई येऊन सांगून गेला, साहेब येतायत, घरातच थांबा. अण्णांनी विचार केला, ताटावर बसलो आणि हाक आली तर? आणि सरकारी माणूस दारात असताना आपण जेवत बसायचं, हे बरं दिसत नाही. ते बसून राहिले. बारा वाजले, दोन वाजले. साहेब पहिल्या घरी लालासाहेबांच्या अंगणात भजी खात होते, हसण्याचा आवाज इथपर्यंत येत होता. चार वाजले. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, सकाळपासून तोंडात पाण्याचा थेंब नाही. ओठ पांढरे पडलेले.

सव्वापाचला ते आले. एक साहेब, एक शिपाई आणि दोन पंच. पंचही त्यांनीच आणलेले, वस्तीतला एक नाही. थंडीचे दिवस, सहाला अंधारतं. साहेब घरात शिरलेच नाहीत. मागच्या बाजूनं फिरले, जिथं अवजारं ठेवायचा पत्रा आहे. मग विहिरीपाशी आले. वाकून बघितलंसुद्धा नाही. विचारलं, "मोटार कुठाय?"

"मोटार न्हाई," अण्णा म्हणाले.

"बरं." आणि लिहिलं काहीतरी.

मी त्यांच्या खांद्याजवळच होते. मला वाचता येत नाही, पण त्या 'बरं' मध्ये असं काही होतं की माझं पितळ गार पडलं.

लिहिता लिहिता साहेब दर दोन मिनिटांनी मनगटाकडं बघत होते. नंतर मी पुष्कळ विचार केला. घरी जायची घाई असेल बिचाऱ्याला, असंही मनाला सांगून बघितलं. पण शिपाई इथलाच होता, त्यानं मघाशी त्यांच्या कानात काही सांगितलं होतं. आणि साहेब स्वतःच म्हणाले, "काका, चौदस ना आज?"

"व्हय."

"मग कशाला खोळंबताय? चार सह्या करा आणि बसा ताटावर. वाचायला काय, नक्कल मिळतीयच तुम्हाला."

अण्णांनी कागद हातात घेतला. चष्मा घरात होता. सूर्य कारखान्याच्या शेडमागं अर्धा गेला होता. आक्का दारात ताट घेऊन उभ्या. त्या म्हणाल्या, "आवं, करा की. दिवस चाललाय."

अण्णांनी सह्या केल्या. चार. वळणदार, जोडाक्षरं न मोडता. मी ओरडले हो, मित्रांनो. जेवढं ओरडता येतं तेवढं. बादली ओरडली की लोकांना वाटतं वारा सुटलाय.

तिसऱ्या दिवशी गोमटेश कामावरून सुटल्यावर नक्कल घेऊन आला. गाडी स्टँडला न लावताच सोडली, ती आडवी झाली. विहिरीपाशी उभा राहून त्यानं मोठ्यानं वाचलं. "घर क्रमांक सात. पत्र्याचे शेड. वापर, अवजारे ठेवण्यासाठी. मनुष्यवस्ती नाही. विहीर कोरडी, मोटार जोडणी नाही, वापरात नाही. वरील मजकूर वाचून पाहिला, बरोबर आहे, मान्य आहे." खाली अण्णांची सही.

"आण्णा, तुमी ऱ्हाताय कुठं मग? खुरप्या-टिकावात?"

अण्णांनी कागद हातात घेऊन आपली सही बघितली.

"जन्मात मुंगी मारली न्हाई ह्या मानसानं, आन सोताचं घर..."

"त्यास्नी बोलू नगो," आक्का म्हणाल्या. "सही करा म्हनून मीच म्हनले. मला बोल."

त्या दिवसापासून अण्णा जेवताना मान वर करत नाहीत. आठातले तीन दिवस गेले होते.

पाचव्या दिवशी आक्कांनी मला खुंटीवरून काढलं. विहिरीचं पाणी ओढलं, मला गळ्यापर्यंत भरलं, वर फडकं बांधलं आणि गोमटेशच्या गाडीवर मागं बसल्या. मांडीवर मी. कुपवाडहून विश्रामबागेपर्यंत मी इतकी घट्ट कधी धरली गेले नव्हते. वस्तीत आल्यापासून मी पहिल्यांदाच एवढ्या लांब गेले. विश्रामबागेत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर पंचनाम्याच्या साहेबांच्या वरच्या मोठ्या मॅडमचं ऑफिस. दीड तास बाकावर बसवलं. आत गेल्यावर आक्कांनी मला सरळ टेबलावर ठेवलं. माझं बूड ओलं.

"अहो आजी, बादली खाली घ्या. फाइली भिजतील!"

"भिजू द्यात. कळंल पानी हाय ते."

मॅडमनी कपाळाला हात लावला. नक्कल वाचली, सही बघितली. "आजी, तुमच्याच माणसानं मान्य केलंय. बादली पुरावा होत नाही. पाणी कुठूनही आणता येतं."

"मग चला की हिरीवर. तुमच्या हातानं वडा."

"प्रत्येकाच्या विहिरीवर जाऊ का मी?"

आक्कांनी माझी कडी धरली. "बाई, डोळ्याला न दिसनारा जीव. त्यो बी आमी त्याच्या घरी न्हेऊन सोडतो. रोज. पन्नास वर्सं. तुमी जित्त्या मानसाला म्हनताय, हितं कोन ऱ्हातच न्हाई. ह्यो कुठला धरम?"

मॅडम म्हणाल्या, भावनिक होऊ नका. पण आक्का होत्या तिथंच उभ्या राहिल्या, मला धरून. बाहेर रांग वाढत होती. शेवटी मॅडमनी पेन उचललं. आठव्या दिवशी सकाळी अकरा वाजता स्थळपाहणी, असं लिहून शिक्का मारला. टेबलावर माझ्या बुडाचं ओलं वर्तुळ राहिलं.

हे कुणी कुणाला कळवलं मला माहीत नाही. पण पाहणी आठव्या दिवशी होती आणि सातव्या दिवशी मशीन आलं. मागं मुरमानं भरलेला डंपर. मुकादम म्हणाला, रस्ता करायचाय, ही कोरडी विहीर बुजवायची आहे. म्हणजे उद्या मॅडम बघायला येतील तेव्हा विहीर कोरडीसुद्धा नसेल. नसेलच. आणि कागद खरा ठरेल.

गोमटेश कामावर होता. अण्णा काठी घेऊन मशीनपुढं जायला निघाले, ते उंबऱ्यातच बसले. आक्का धावत विहिरीवर आल्या. मला काढलं. जिवाणी नव्हती, काही नव्हतं, रिकामीच खाली सोडली. मी पाण्याला टेकले. आक्कांनी दोर मनगटाला गुंडाळला आणि कठड्यावर बसल्या.

मित्रांनो, खालून वर बघितलं तर विहिरीचं तोंड ताटाएवढं दिसतं. त्या ताटात मला आक्कांची पाठ दिसत होती आणि तिच्या वर मशीनचा दात. मशीनच्या घरघरीनं कठड्याची माती सुटून माझ्यावर पडत होती. पाण्यात वळं उठत होती. मला वाटलं, आता मुरूम येणार. मी, पाणी, त्यातले ते सगळे बारके जीव, सगळे एकदम. आणि दोराच्या टोकाला बांधलेल्या आक्काही.

मशीन चालवणारा सिद्धू नावाचा बाप्या होता, जतकडचा. तो ओरडला, "आजी, सरका की बाजूला. मला बी दिसभराचं काम हाय."

"टाक. बादली खाली हाय माझी. ती पंचनाम्यात न्हाई."

"कसली बादली? कोरड्या हिरीत बादली कशाला सोडलीया?"

"ये आन बघ कोरडी हाय का."

दोर धरून धरून आक्कांचा हात भरून आला होता, ते मला खाली कळत होतं. मग दुसरा हात आला दोरावर. बांगड्यांचा आवाज आला. चांदबी. "सोडा आक्का, मी धरते. तुमी पानी प्या." मागं बादशहानं आपली मोटारसायकल नेऊन मशीनच्या चाकापुढं आडवी लावली. वस्तीतली हरणाबाई आली, रंगुबाई आली. कुणी घोषणा दिली नाही. येऊन कठड्याला टेकून उभ्या राहिल्या.

सिद्धू खाली उतरला. कठड्यावरून वाकला. त्याचं तोंड मला पाण्यात दिसलं.

"आयला, गच्च पानी हाय की," तो म्हणाला. "मला कोरडी म्हनून सांगितलं." मग मुकादमाला म्हणाला, "पान्याची हिर न्हाई बुजवायचो मी. आमच्याकडं दोन कोस जातीत बाया एका घागरीला. तुमी बुजवा."

"तुझी कायमची सुट्टी करतो बघ!"

"करा."

त्यानं किल्ली काढली आणि खिशात टाकली. मुकादम फोनवर फोन करत राहिला. दुसरा चालक येईपर्यंत दिवस गेला. शाळा सुटून पोरं आली, तीही कठड्याभोवती बसली. दोर एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात राहिला आणि मी पाण्यावर तरंगत राहिले.

आठव्या दिवशी मॅडम आल्या. मोटारीतून उतरल्या, घरात शिरल्या, चूल बघितली, अंथरुणं बघितली. विहिरीवर आल्या. आक्कांनी दोर त्यांच्या हातात दिला. मॅडमना ओढता येईना, दोन हात लावले तरी. पण मी वर आले, काठोकाठ. मॅडमची साडी भिजली. त्यांनी जुन्या नोंदीवर काट मारली आणि लिहिलं, राहते घर, वापरातील विहीर. ह्या वेळी अण्णांनी चष्मा लावला, एकेक शब्द बोट ठेवून वाचला, मगच सही केली. एक तास घेतला. कुणाची हिंमत झाली नाही घाई करायची.

तुम्हाला वाटेल, वाचली बादली. नाही मित्रांनो. गोड बोलून तुम्हाला फसवायचं नाही मला. आता आम्ही कागदावर घर झालो, एवढंच झालं. आता हरकत घेता आली. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. तिथं ते म्हणतील, घर आहे हे मान्य, पण प्रयोजन सार्वजनिक आहे. तेरा घरांपेक्षा दुकानं मोठी ठरली तर हे घर, घर म्हणूनच पाडतील. मशीन हलवलेलं नाही. नवा चालक रोज येतो, सुरू करून बघतो, बंद करतो. नुसता आवाज ऐकवायला. आक्का त्या आवाजानं दचकतात आणि त्यांच्या हातातून माझा दोर सुटतो. अण्णांना ताटावर बसलं तरी घास गिळवत नाही. जिला पन्नास वर्षं पाण्याची भीती वाटली नाही, ती मी मातीला भिते.

म्हणून एक मागते. मी जुनी आहे, मला घासा, पुसा, असं म्हणत नाही. आज घरी गेलात की विचारा, आपल्या घराबद्दल कागदावर काय लिहिलंय. आजोबांचा चष्मा शोधून द्या. त्यांना दिसत नसेल तर तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा. तुम्हाला वाचता येतं, मला येत नाही, म्हणून सांगते. सही मागायला आलेला माणूस दारात उभा असला तरी वाचा. शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

आणि तो घाई करायला लागला, तर आणखी सावकाश वाचा.